ज्याची भाकरी, त्याचा कुत्रा

तुमच्या गावात नळजोड किती, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात सापडते. घरे किती, मतदार किती, हातपंप किती, तेही सापडते. दुभती जनावरे किती, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात कळते. आता सहज म्हणून विचारा, गावात कुत्री किती? सरपंच हसतील. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, तेही हसतील. "कुत्री कोण मोजतंय हो?" असे उत्तर येईल. बरं, ती कुणाची, असा पुढचा प्रश्न टाका. त्याचे उत्तर मात्र साऱ्या गावाला पाठ आहे. कुणाचीच नाहीत.

वाचकहो, हे उत्तर खोटे आहे. आज लिहायचे आहे ते त्याबद्दलच.

दिवेलागणीला गावातून एक चक्कर मारा. बहुतेक दारासमोर एखाद-दुसरा कुत्रा बसलेला दिसेल. त्याच्यापुढे शिळी भाकरी पडते, ताकाचे भांडे विसळून ओतले जाते. त्याला नाव असते. मोत्या, वाघ्या, काळू, टिप्या. वस्तीवर तर त्याच्यावाचून रात्र निघत नाही. मोटारीची केबल चोरायला कुणी आले, डाळिंबाच्या बागेत कुणी शिरले, तर आधी तोच भुंकतो. तेव्हा तो "आमचा मोत्या" असतो. आणि हाच मोत्या शाळेतून येणाऱ्या पोराच्या पोटरीला लागला, शेजाऱ्याची शेळी त्याने फाडली, की लगेच कानावर येते, "छे हो, तो आमचा कुठला? नुसता इथं बसतो." रात्री पाळीव आणि दिवसा भटका, असा हा आपला सोयीचा कुत्रा.

कायद्याने पाहिले तर २०२३ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या प्रजनन नियंत्रणाचे नवे नियम केले. घरच्या कुत्र्याची लस, जंताचे औषध, नसबंदी ही मालकाची जबाबदारी, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याची स्थानिक संस्थेची, अशी वाटणी त्यात आहे. शहरात ही वाटणी कशीबशी लागू पडते. तिथे पट्टा घातलेला कुत्रा वेगळा आणि गल्लीतला वेगळा. आपल्या गावात पट्टा कुणाच्याच गळ्यात नाही. मग घरमालक म्हणतो पंचायतीचा, पंचायत म्हणते घरमालकाचा, आणि कुत्रा बिनलशीचा राहतो.

बिनलशीचा राहिला तर काय होते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको, असे वाटते खरे. पण सांगावे लागते. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून जखमेत गेलेला विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्षही. एकदा लक्षणे दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. डॉक्टर मुंबईचा आणा नाहीतर अमेरिकेचा. आपल्या देशात या रोगाने वर्षाला किती माणसे जातात याचे अंदाज वेगवेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटना १८ ते २० हजारांचा आकडा देत आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या देशव्यापी पाहणीतून हा अंदाज साधारण ५,७०० वर आला. कमीचा आकडा धरला तरी रोज पंधरा माणसे होतात. आणि संशयित जनावर चावलेल्यांत दर दहांमागे चार जण पंधरा वर्षांखालची मुले असतात. पोराची उंची आणि कुत्र्याचे तोंड जवळजवळ सारख्याच उंचीवर. म्हणून मुलांना चावा तोंडाला, मानेला, हाताला बसतो, आणि तिथून मेंदू जवळ.

हा रोग टाळता येतो, याची खरी चीड आहे. लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये ६ जुलै १८८५ रोजी कुत्रा चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो वाचला. त्या गोष्टीला एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. पोटात चौदा इंजेक्शने घ्यायची धास्ती अजून आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्याकडे २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा टोचतात, ठरलेल्या दिवशी, आणि सरकारी दवाखान्यात फुकट. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर जखमेत आणि तिच्या भोवती एक वेगळे प्रतिविष औषधही टोचावे लागते. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असे नाही. तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारावे, म्हणजे हेलपाटा वाचतो.

पण दवाखान्याआधी घरचा नळ. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. पंधरा म्हणजे पंधरा, घड्याळ लावून. साधा अंगाचा नाहीतर कपड्याचा साबण चालतो. तिखट, चुना, हळद, तंबाखू, ऑइल यातले काहीही भरायचे नाही. आणि कुत्रा चावल्याचे "उतरवून" देणारे जे कुणी पंचक्रोशीत असतील, त्यांच्याकडे आधी जाऊन मग दवाखान्यात येणारे आजही आहेत. त्यांचा गुण येतो असे लोक सांगतात, कारण चावणारा प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो. जो पिसाळलेला असतो, त्याच्या वेळी गुण येत नाही, आणि ते सांगायला तो माणूस उरत नाही.

आता कुत्रा कुणाचा, हा प्रश्न इथे किती कामाचा आहे ते पाहा. चावलेला कुत्रा दहा दिवस जिवंत आणि ठणठणीत राहिला, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता, असे वैद्यकशास्त्र सांगते. लस लगेच सुरू करायचीच, दहा दिवस वाट पाहत बसायचे नाही. पण दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवली तर पुढचे डोस किती, हे डॉक्टरला ठरवता येते, आणि घरच्यांच्या जिवाचा घोर कमी होतो. ही नजर कोण ठेवणार? ज्याच्या दारात तो जेवतो तो. त्याने "आमचा नाही" म्हटले की कुत्रा शिवारात पळतो, नाहीतर चार पोरे त्याला काठ्यांनी मारून ओढ्यात टाकतात. मग काहीच कळायचा मार्ग राहत नाही.

गोठ्याकडे वळू. माणसाला कुत्रा चावला तर गावभर होते, म्हशीला चावला तर कुणाला पत्ताही नसतो. रात्री पिसाळलेले कुत्रे गोठ्यात शिरून गेले, महिना-दोन महिन्यांनी म्हैस वैरण सोडते, तोंडातून लाळ गाळते, घोगऱ्या आवाजात सारखी ओरडते, पाणी गिळता येत नाही. अशा वेळी आपण काय करतो? घशात काहीतरी अडकले असेल म्हणून मालक बाही वर करतो आणि थेट तोंडात हात घालतो. बाबांनो, हे करू नका. हाताला वैरण कापताना लागलेली चिरही पुरेशी आहे. लाळ गाळणारे, ओरडणारे जनावर दिसले की त्याला वेगळे बांधा, आणि १९६२ या क्रमांकावर नाहीतर दवाखान्यात फोन करा. जनावराला कुत्रा चावल्याचे त्याच दिवशी कळले तर जखम तशीच साबणाने धुऊन ठरलेल्या दिवसांची लस देता येते. लक्षणे दिसल्यावर मात्र तिथेही इलाज नाही.

अशी म्हैस मेली की गावात दुसरी घबराट उठते. तिचे दूध कुणाकुणाकडे गेले होते? दुधाला उकळी आली की हा विषाणू मरतो. उकळलेले दूध, त्याचा चहा, त्या दुधाचे दही-ताक यांनी घाबरू नये. धारोष्ण दूध प्यालेल्यांनी आणि तिची लाळ अंगावर, जखमेवर लागलेल्यांनी डॉक्टरला दाखवावे.

शेळ्या-मेंढ्यांचे दुखणे आणखी निराळे. लांडग्याने, बिबट्याने शेळी मारली तर वनखात्याचा पंचनामा होतो, भरपाई मिळते. कुत्र्यांच्या टोळीने रात्रीत पाच शेळ्या फाडल्या तर? कुत्रा वन्यप्राणी नाही, म्हणून वनखाते नाही. मालक कुणी नाही, म्हणून भरपाई मागायला माणूस नाही. ज्या बाईने बचत गटाच्या कर्जातून शेळ्या घेतल्या तिचा हप्ता मात्र चालूच राहतो. टोळीतले निम्मे कुत्रे कुणाच्या दारचे ते तिला नावानिशी ठाऊक असते, पण भांडण नको म्हणून ती गप्प बसते.

शिवाय एक रोग असा, की त्यात कुत्रा चावतही नाही. मेंढी एकाच बाजूला मान वाकडी करून गोल गोल फिरते आणि पडून मरते. मेंढपाळ हे ओळखतात. तिच्या मेंदूत पाण्याची गाठ असते आणि ती असते कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीची अळी. मेलेल्या मेंढीचे मुंडके कुत्र्यांना टाकले की गाठ कुत्र्याच्या पोटात जाते, तिथे जंत तयार होतो, त्याची अंडी विष्ठेतून कुरणात पडतात आणि पुन्हा मेंढीच्या पोटात. मुंडके पुरले आणि कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचे औषध दिले तर हे चक्र तुटते. कळपाला औषध पाजणारे आपण, राखणदाराला मात्र विसरतो.

बिबट्याचे बोलायचे तर अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो याचा अभ्यास केला. तो २०१६ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा निघाला कुत्र्यांचा. शेळ्यांचा फक्त ११ टक्के. आणि त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! शेळी रात्री आत कोंडलेली असते आणि कुत्रा अंगणात मोकळा झोपतो, हे लक्षात घेतले की कोडे सुटते. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी याचा अर्थ नीट समजून घ्यावा. आपण ज्याला राखणीला ठेवतो तोच बिबट्याला दारापर्यंत आणतो, आणि त्याच अंगणात पोरेही खेळत असतात. कुत्रा रात्री बंद पडवीत, खोपटात ठेवला तर त्याचाही जीव वाचतो, आणि भुंकायचे काम तो आतूनही करतो. आखूड साखळीने दिवसभर बांधून ठेवणे हा उपाय नव्हे. असा कुत्रा जास्त चावरा होतो, शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाही आहे. (पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ सालचे पन्नास रुपये आजही पन्नासच ठेवणाऱ्या सरकारबद्दल काय बोलावे!)

मग ही कुत्री वाढतात कशी? याचे एक कारण गिधाडे. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल, गावाबाहेर मेलेले ढोर ओढून टाकले की गिधाडे उतरायची आणि बघता बघता सांगाडा उरायचा. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या औषधाने ती मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, तोवर गिधाडे जवळजवळ संपली होती. त्या ढोरावर आता कुत्री जगतात. गिधाडे गेल्यामुळे १९९२ ते २००६ या काळात देशात कुत्री सुमारे पंचावन्न लाखांनी वाढली, असा संशोधकांचा अंदाज आहे. ढोर खड्डा घेऊन पुरणे आणि चिकनवाल्याची घाण ओढ्यात पडू न देणे, ही दोन कामे पंचायतीने केली तरी कुत्र्यांचा निम्मा शिधा बंद होईल.

दुसरे कारण आपल्या घरातले आहे. भाद्रपद आला की कुत्र्यांचा हंगाम. नऊ आठवड्यांनी, दिवाळीच्या मागेपुढे कुत्री विते. सहा पिल्ले झाली तर त्यातला एखादा भाट्या घरी ठेवतात, एखादा पाहुण्याला देतात. माद्या? त्या पोत्यात घालून रात्री दुचाकीवरून शेजारच्या गावच्या शिवेवर, धाब्यामागे, घाटात. शेजारचे गावही तेच करते. म्हणजे इकडच्या माद्या तिकडे आणि तिकडच्या इकडे. त्यांना घर नाही, लस नाही, आणि पुढच्या भाद्रपदात त्याच वितात. राखणीला भाट्या ठेवायचा आणि मादी टाकायची, ही रीत चालू आहे तोवर कुत्री कमी होणार नाहीत. मादी ठेवा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून तिचे ऑपरेशन करून घ्या. राखण ती भाट्याइतकीच करते. भाद्रपदात तिच्या मागे दहा कुत्री दारात भांडत नाहीत, हा वरचा फायदा.

काही ठिकाणी सोपा उपाय म्हणून विष घालतात. हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवू. विष खाऊन मरतो तो बहुधा दारचा, माणसाळलेला कुत्रा, कधी लस दिलेलाही. त्याची जागा रिकामी झाली की उष्टे-खरकटे तेच असल्याने शिवेवरचे अनोळखी कुत्रे येऊन बसते. आणि विषाचा तुकडा पोराच्या हाताला लागायला किती वेळ?

सुप्रीम कोर्टात २०२५ साली कुत्र्यांवरून मोठे वादंग झाले. ऑगस्टमध्ये दिल्लीची सगळी कुत्री निवाऱ्यात कोंडा असा आदेश निघाला, अकरा दिवसांत तो बदलून लस आणि नसबंदी करून जागेवर सोडा असा झाला. पिसाळलेली आणि अंगावर धावणारी तेवढी वगळली. टीव्हीवर दोन्हीकडून पुष्कळ ओरडा झाला. आपल्या वाडी-वस्तीवर त्यातले काहीच पोचले नाही. इथे निवारा बांधायला ना पैसा, ना गाडी, ना कुत्री धरणारी माणसे.

आपल्याला जवळचे उदाहरण गोव्याचे. तिथे २०१४ पासून 'मिशन रेबीज' या संस्थेने सरकारबरोबर गावोगाव, वाड्यावाड्यांत फिरून कुत्र्यांना लस टोचली. रस्त्यावरच्यांना जाळी टाकून, घरच्यांना मालकाने धरून. दर शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. कुत्र्यांमधला रोग नव्वद टक्क्यांहून अधिक घटला आणि २०२१ मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले. सिंधुदुर्ग, बेळगावला लागून असलेल्या मुलखात हे झाले आहे, परदेशात नव्हे.

आणि सत्तर टक्के गाठायला खेड्याला गोव्यापेक्षा सोपे जावे. कारण आपली बहुतेक कुत्री कुणाच्या तरी हाताची आहेत. परका माणूस धरायला गेला तर मोत्या शिवार गाठेल. पण रोज भाकरी टाकणाऱ्या आजीने "ये रे" म्हटले की येऊन पायाशी बसेल. तिने मान धरायची, कापडी पट्टीने तोंड बांधायचे, डॉक्टरने टोचायचे, झाले. तीन महिन्यांच्या पिल्लापासून पुढे दरवर्षी एकदा. एका करडाच्या किमतीत एका आळीतली कुत्री होऊन जातात. तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. लशीला घेऊन यायला तेवढेही धावावे लागत नाही.

दिवस कुठला? माझे मत, पोळ्याचा दुसरा दिवस. पोळ्याला बैलांच्या निमित्ताने सगळे गडी गावात असतात आणि दुसऱ्याच दिवशी भाद्रपद लागतो. म्हणजे कुत्री भांडायला, एकमेकांना फाडायला लागण्याच्या तोंडावर लस बसते. बेंदूर करणाऱ्या गावांनी आपला सोयीचा दिवस ठरवावा. पशुवैद्यकीय दवाखान्याला महिनाभर आधी पत्र द्यायला हवे, कारण लस बर्फाच्या पेटीतून आणावी लागते आणि आयत्या वेळी ती मिळत नाही. मेंढरांना लावतात तसा रंगाचा एक ठिपका लस दिलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर लावला की कोण राहिले ते संध्याकाळी दिसते.

आणि वही. घर क्रमांक, कुत्रा की कुत्री, रंग, लशीची तारीख, ऑपरेशन झाले की नाही, आणि भाकरी घालणाऱ्याचे नाव. मालक हा शब्द वहीत लिहूच नका, त्यावरच भांडणे होतात. "भाकरी कोण घालतो?" असे विचारले की घरातले लेकरूसुद्धा खरे सांगते. आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या गळ्यात आणखी एक वही घालू नये, त्यांच्याकडे वह्या पुष्कळ झाल्या आहेत. हे काम पंचायतीच्या शिपायाने आणि पोलीस पाटलांनी वाटून घ्यावे. पुढे पाणंदीत कुणी दुचाकीवरून पडला, पोराला कुत्रा चावला, तर वहीत नाव असेल. दवाखान्याचा खर्च कुणी करायचा, दहा दिवस नजर कुणी ठेवायची, हे पारावर बसून ठरेल. नाहीच ठरले तर आपले जनावर निष्काळजीपणे मोकळे सोडणाऱ्यासाठी न्याय संहितेचे कलम २९१ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाटलांनी ते एकदा चावडीवर वाचून दाखवले तरी बऱ्याच मोत्यांना मालक सापडतील.

यावर "कुत्र्याला पण आता सातबारा काढायचा का?" असे म्हणणारा एकजण प्रत्येक ग्रामसभेत असतो. त्याला बोलू द्या. १५ ऑगस्टची ग्रामसभा बहुधा पोळ्याच्या आधीच येते. विषय आयत्या वेळी मांडला की "पुढच्या सभेत बघू" असे होते. म्हणून विषयपत्रिका निघण्यापूर्वी लेखी अर्ज द्या, त्यात पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र पाठवण्याची मागणी घाला, आणि अर्जाची पोच घ्या.